मुक्कामी गाडीचा पाहुणचार

बाभूळखेडा, ता. कंधार
८ जुलै

तीर्थरूप अज्जांना,
अक्षराचा शरणु शरणार्थ.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे खुशाल आहेत. बारावीचं वर्ष लागलं म्हणून पप्पांनी माझा मोबाईल काढून घेतला आणि दुकानाच्या गल्ल्यात कुलपात ठेवला. गिऱ्हाइकाला सुटे द्यायला गल्ला उघडला की मला त्याचं दर्शन होतं, तेवढंच. आईच्या फोनवरून तुमच्याशी बोलावं तर तुम्ही "हॅलो, कोण?" असं तीनदा विचारता आणि मी नाव सांगितलं की "बरं बरं, अज्जीला देतो" म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र.

गोष्ट अशी की आपली मुक्कामी गाडी बंद होणार आहे.

आपली म्हणजे खरं तर तुमचीच. गेल्या वर्षी मी अकरावीत गेले तेव्हा पप्पांनी हात झटकले होते. म्हणाले, सकाळच्या कॉलेजला कंधारला पोचायला गाडीच नाही, मग कसलं कॉलेज? तेव्हा तुम्ही मिशीवरून हात फिरवून म्हणालात, "एस्टीत हयात गेली माझी. विभागात ओळख हाय आपली. एक शब्द टाकतो." आणि पावसाळा संपायच्या आत गाडी सुरू झाली. संध्याकाळी येते, मारुतीच्या पारासमोर रात्रभर थांबते आणि सकाळी सहाला आम्हा मुलींना घेऊन निघते. आम्हाला सरकारी पास आहे, तिकीट लागत नाही. तेव्हापासून गावात मी कुणी साधीसुधी मुलगी नाही, एस्टीत ओळख असलेल्या माणसाची नात आहे.

आता अडचण ऐका. ड्रायव्हर दगडोबामामा हिमायतनगरकडचे आहेत, अंगाने दणकट, बोलायला कमी. कंडक्टर अमरेश नोकरीत नवाच आहे. दोघं रात्री गाडीतच सीटवर आडवे होतात. सकाळचा डबा रात्रीपर्यंत आंबतो. गावातलं कुणी त्यांना कधी पाणीसुद्धा विचारलं नाही, हे मला आत्ता कळलं आणि लाज वाटली. परवा दगडोबामामांनी सरपंच शेषेरावकाकांना पारावर गाठलं आणि म्हणाले, "सरपंच, रातभर मच्छरं खाऊन राहिले आमाला. सकाळी तोंड धुवाया पाणी न्हाई. आमी काय जनावरं हाव का?" त्यांनी डेपोत सांगून टाकलंय की हा मुक्काम नको. दुसरंही कुणी यायला तयार नाही. डेपो मॅनेजरसाहेब म्हणाले, सोय करा, नाहीतर गाडी मुक्कामाला न येता सकाळी नऊला येऊन परत जाईल. माझं कॉलेज साडेसातला भरतं. नऊची गाडी माझ्यासाठी असून नसल्यासारखीच.

पप्पांनी निकाल देऊन टाकलाय. "गाडी गेली तर घरी बस, बाहेरून परीक्षा दे." सायन्सची परीक्षा बाहेरून कशी देणार, अज्जा? प्रॅक्टिकल काय दुकानातल्या फिनाइलवर करू? मला पुढं फार्मसी करायची आहे, हे तुम्हाला आणि आईला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा एक तर विभागात अजून एक शब्द टाका. आणि तुम्ही स्वतः कंडक्टर होतात, तर मुक्कामाच्या माणसाला काय हवं असतं तेही कळवा. कॉलेजजवळ टपालपेटी नाही, म्हणून पत्र दगडोबामामांकडेच देते, ते कंधारला डेपोजवळच्या पेटीत टाकतील. ते न वाचता टाकतील अशी आशा आहे.

तुमची
अक्षरा


देवणी
१६ जुलै

चि. अक्षरास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला फोनवर ऐकू येत नाही असं तू समजतेस, ते तसंच राहू दे. ऐकू सगळं येतं. पण तुझी आई फोनवर पहिला प्रश्न "गोळी घेतली का" असा विचारते आणि दुसरा "खोटं बोलू नका" असा सांगते. त्यापेक्षा बहिरा झालेला बरा.

मुक्कामाचं मला विचारलंस हे बरं केलंस. अख्खी नोकरी मी परक्या गावांत झोपून काढली आहे. काही गावं अशी होती की गाडी थांबली की लोक आपापली पिशवी घेऊन घरी जायचे आणि मागं आम्ही दोघं आणि कुत्री. आणि एका वाडीत सिद्धम्मा नावाची बाई होती. तिचं घर पाराला लागून. ती रोज रात्री दोन गरम भाकरी आणि कारळाची चटणी आणून द्यायची, समोर बसायची आणि म्हणायची, "जेवा रे, आज कुठं कुठं गेली गाडी?" बस, एवढंच. त्या वाडीची गाडी मी कधी चुकू दिली नाही. एकदा ओढ्याला पूर आला, गाडी अलीकडे थांबली, तर मी पाणी गुडघ्याएवढं झाल्यावर चालत जाऊन सांगून आलो की आज गाडी येणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "येडा झालास का? गाडी न्हाई हे त्यान्ला दिसंलच की!" दिसलं असतं. पण सिद्धम्मा भाकरी टाकून बसली असती.

तर शेषेरावांना सांग, शाळेची जुनी खोली झाडून द्या, पंखा लावा, दोन बादल्या पाणी ठेवा. जेवण घरोघरी पाळीने द्या, साधं आणि गरम. आणि कुणीतरी समोर बसून दोन शब्द बोला. मोठा बंदोबस्त लागत नाही.

वरचं मी बघतो. विभागात एक शब्द टाकतो. तू अभ्यास कर, रसायनशास्त्र कच्चं आहे असं तुझी आई म्हणत होती. हे मी फोनवरच ऐकलं.

तुझा
अज्जा


बाभूळखेडा
१९ ऑगस्ट

तीर्थरूप अज्जांना शरणु शरणार्थ.

तुमचं पत्र मी पारावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. (गोळीचा भाग गाळून.) सिद्धम्माच्या भाकरीपाशी आल्यावर बायकांनी पदराला डोळे पुसले. तिथंच सगळं चुकलं असं मला आता वाटतं.

खोली झाडली, चुना मारला, पंखा बसवला. पहिली पाळी गुणाबाईंची. तुम्हाला आठवत असतील, पाराच्या मागं राहतात, आवाज पारापर्यंत येतो. त्यांनी पिठलं, भाकरी आणि ठेचा दिला. दगडोबामामा जेवले आणि म्हणाले, "लई दिवसानं घरचं जेवलो बघा." एवढंच म्हणाले, पण गुणाबाईंनी ते गावभर सांगितलं. दुसरी पाळी साक्षीच्या घरी. साक्षी म्हणजे माझ्या वर्गातली, गाडीत माझ्याशेजारी बसते ती. तिची आई मनिषाकाकू पिठल्यावर कशी थांबेल? तिने धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी केली. तिसऱ्या घराने पुरण घातलं. मग श्रावण लागला आणि गावाला कुणी आवरणारंच राहिलं नाही. आमच्या घरी आईने गव्हाची गोड हुग्गी केली, वर तुपाची धार धरली. ती थांबेना आणि मामांना नको म्हणता येईना. आता मामा गाडीत बसले की पोट आणि स्टिअरिंग यांत हवा जायलाही जागा उरत नाही. एका सकाळी वळणावर त्यांनी श्वास आत ओढून गाडी वळवली, मी स्वतः पाहिलं.

इथपर्यंत गंमत होती. मग गुणाबाईंनी जेवता जेवता अमरेशला विचारलं, "कंडक्टर, लगीन झालं का तुमचं?"

तो बिचारा खरं बोलला. "न्हाई, मावशी."

दुसऱ्या दिवसापासून पाळ्यांची अदलाबदल सुरू झाली. ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत त्यांना पुढची पाळी हवी आणि ज्यांच्या घरी नाहीत ते आपल्या भाचीला बोलावून घेऊ लागले. मनिषाकाकूंनी साक्षीला साडी नेसवून वाढायला लावलं. आता विचार करा. जो माणूस रोज सकाळी आपल्याला "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा" म्हणतो, त्याला संध्याकाळी खाली मान घालून "अजून एक पोळी घ्या ना" म्हणायचं! साक्षीने रागाने आमटीत दोनदा मीठ घातलं. अमरेशने ती आमटी सगळी प्यायली. यावरून काकूंनी त्याला मुलगी पसंत आहे असं समजलं. खरं तर तो घाबरला होता. आता सकाळी तो आमचे पास बघतच नाही. गाडीत शिरलो की खिडकीबाहेर बघत उभा राहतो.

मी आणि साक्षी यावर खूप हसलो. परवापर्यंत.

परवा पाळी आमच्याकडे होती. पप्पांनी अमरेशच्या कपाळावरचं भस्म पाहिलं. मग गाव विचारलं, तर उदगीरकडचा. मग घराणं विचारलं, मग मामाचं गाव विचारलं. अज्जा, तो आपल्यातलाच निघाला. मी ताट घेऊन उभी होते आणि पप्पांचा चेहरा बदलताना बघत होते. रात्री ते आईला म्हणाले, "पोरगा कायम नोकरीत, पुन्हा आपल्यातला. असा घरी चालत आलाय. बारावी काय, नंतरबी देता येती."

आईने त्या रात्री भांडी मोठ्याने घासली.

तुम्ही हसत असाल. हसू नका. मला खरंच भीती वाटते. ही गाडी मी शिकावं म्हणून आली होती आणि तिच्यामुळेच माझं शिकणं संपेल असं वाटायला लागलंय. विभागातली तुमची ओळख पप्पांना काही सांगू शकेल का?

तुमची
अक्षरा


देवणी
२७ ऑगस्ट

चि. अक्षरास अनेक आशीर्वाद.

हसलो. खोटं कशाला सांगू, आमटीपर्यंत हसलो. नंतर चष्मा काढून ठेवला.

खालचा मजकूर तुझ्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखव. ते दुकानात असतील तर दुकानात, गिऱ्हाइकं असतील तर फारच छान.

"जावईबापू मृत्युंजयराव यांना चन्नबसप्पाचा नमस्कार. कंडक्टर जावई करायचं तुमच्या मनात आहे असं कळलं. कंडक्टरचा संसार कसा असतो ते तुमच्या सासूबाईंना विचारा. आमच्या लग्नानंतर पहिल्या पाच दिवाळ्यांना मी पाच वेगवेगळ्या गावांत मुक्कामाला होतो. पोरगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण ही गाडी मी पोरीला कॉलेजला नेण्यासाठी मागितली होती, सासरी नेण्यासाठी नाही. तिची बारावी होऊ द्या. त्यानंतर ती जे शिकायचं म्हणेल ते होऊ द्या. मग तिला विचारा. ह्यावर तुम्हाला राग आला तर इकडे येऊन भांडा, जेवूनच पाठवू."

आता तुझ्यासाठी. ते गोडधोड ताबडतोब बंद करा. मी साधं लिहिलं होतं, तुम्ही माणसाचा सत्यनारायण केलात. दगडोबाच्या वयाला साखर वाढते आणि ड्रायव्हरची साखर वाढली की त्याला गाडीवरून उतरवतात. आणि तो अमरेश पळून जाईल, माझे शब्द लिहून ठेव. मुक्कामाच्या माणसाला गावात मोकळं वाटलं पाहिजे. तुम्ही त्याला रोज संध्याकाळी दाखवायला बसवता.

वरचं मी बघतोय.

तुझा
अज्जा

अक्षरा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी तुझी अज्जी चार ओळी घालते. तुझ्या अज्जांचं काहीतरी बिघडलंय. दर सोमवारी पहाटे निघतात ते अंधार पडता पडता येतात. सोमवारचा उपवास, पोटात काही नाही. विचारलं तर म्हणतात, कुणाकडे देवणी बैलांची जोडी विकायची आहे, ती बघायला जातो. शेत बटईने दिलंय, गोठ्यात माझं शिलाई मशीन आहे. बैल काय मशीनवर बसवणार? गेल्या वर्षीही असंच सुरू केलं होतं, मग आपोआप थांबलं. एवढ्या सोमवारांत एक शेपूटसुद्धा घरी आलं नाही. तुला काही लिहिलं असेल तर मला कळव, त्यांना कळवू नको.
उमादेवी


बाभूळखेडा
२४ सप्टेंबर

तीर्थरूप अज्जांना आणि अज्जीला शरणु शरणार्थ. (अज्जी, हे पत्र तू आधी वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून तुझंही नाव घातलं.)

इतके दिवस लिहिलं नाही, कारण गाडीच बंद होती आणि ते तुम्हाला कळवायचा धीर होत नव्हता.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तीन घरांनी एकाच संध्याकाळी अमरेशला बोलावलं. तो तिन्ही घरी जेवला आणि तिन्ही घरी त्याला पत्रिका मागितली. दुसऱ्या दिवसापासून तो रजेवर गेला. दगडोबामामांना चक्कर आली, डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं. त्यांच्या बायकोने डेपोत येऊन विचारलं म्हणे, "कोण्या गावचं हाय ते? मला दावा, मी बघते त्यान्ला." त्यानंतर कोण येणार? डेपोत आपल्या गावाचं नाव निघालं की लोक म्हणायचे, तिथं खाऊ घालून मारतात, आणि त्यातून वाचला तर लग्न लावतात.

गाडी बंद झाली. पप्पा म्हणाले, झालं, आता घरी बस.

तुमचं पत्र मी त्यांना आधीच वाचून दाखवलं होतं, दुकानात, पाच गिऱ्हाइकांसमोर. तेव्हा ते फक्त साखर जोखत राहिले होते. पण आता आई उठली. म्हणाली, "गाडी सुरू होईस्तोवर तुम्ही सोडा तिला. मोटारसायकल काय उभी करून पूजायला घेतली?" आईपुढं पप्पांचं काही चालत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, तुमचीच मुलगी आहे.

मग पप्पा रोज पहाटे मला आणि साक्षीला पाठीमागं घेऊन कंधारला सोडू लागले. एकदा चिखलात आडवे झालो. एकदा फाट्यावर पंक्चर. परत येईपर्यंत दुकान उघडायची वेळ टळलेली, आणि दूध-चहापत्तीचं सगळं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. पाठ धरली, कमरेला पट्टा आला. एका सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि आत शिरणाऱ्या पोरींकडे बघत राहिले. म्हणाले, "एवढ्या पोरी रोज येतेत का गं? कुठून कुठून?" मी म्हटलं, हाव. मग त्यांनी मोटारसायकल वळवली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या मनात काहीतरी बदललं.

ग्रामसभा झाली. आधी सगळे एकमेकांच्या पुरणावर घसरले. मग पप्पा कमरेला हात लावून उठले आणि त्यांनी ठराव मांडला. शब्द त्यांचे, शुद्धलेखन माझं:

"मुक्कामी गाडीच्या कर्मचाऱ्यांस भाकरी, एक भाजी व वरण एवढेच वाढावे. आग्रह एकदाच करावा. कर्मचाऱ्याचे लग्न, घराणे, पाहुणे व पगार यांविषयी चौकशी करू नये. चौकशी करणाऱ्या घराची पाळी वर्षभर बंद राहील."

दंड ठेवला असता तर लोकांनी भरला असता. पाळी बंद म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. गुणाबाई म्हणाल्या, "मंग समोर बसून बोलायचं तरी काय?" शेषेरावकाका म्हणाले, "पावसाचं बोला." ठराव एकमताने पास झाला.

तो घेऊन आम्ही डेपोत गेलो. शेषेरावकाका, पप्पा, गुणाबाई, साक्षी आणि मी. मॅनेजरसाहेबांनी ठराव वाचला. "आग्रह एकदाच" इथपर्यंत ते गंभीर होते. मग त्यांनी कागद तोंडापुढे धरला, पण खांदे हलत होते. शेवटी म्हणाले, "माणसं तयार झाली पाहिजेत. मी जबरदस्ती नाही करणार."

मला वाटलं, आता वजन टाकायची वेळ आली. मी पुढं झाले आणि म्हटलं, "साहेब, आमचे अज्जा चन्नबसप्पा. एस्टीतच होते. त्यांची विभागात वर ओळख आहे."

साहेब हसायचे थांबले. म्हणाले, "देवणीचे? पांढऱ्या मिशीचे? तू त्यांची नात का?"

मग ते खुर्चीवरून उठले, दाराशी आले आणि व्हरांड्यातलं एक लाकडी बाकडं मला दाखवलं. म्हणाले, "ही त्यांची ओळख."

अज्जा, त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या वर्षी गाडी सुरू होईपर्यंत आणि या वर्षी पुन्हा जुलैपासून, दर सोमवारी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, म्हणून देवणीहून उदगीर, उदगीरहून मुखेड, मुखेडहून कंधार, गाड्या बदलत यायचं. बाकड्यावर बसायचं. साहेब बाहेर आले की उठून नमस्कार करायचा आणि एकच वाक्य बोलायचं, "साहेब, बाभूळखेड्याची मुक्कामी." चहा नको, उपवास आहे. दुपारची गाडी पकडून परत. साहेब म्हणाले, "मी त्यांना एकदा म्हटलं, इथवर आलात तर नातीकडं जाऊन या. तर म्हणाले, नको, तिथं मी ओळख असलेला माणूस आहे, बाकड्यावरचा नाही."

मी तिथंच रडले. सगळ्यांसमोर. साक्षीने हात धरला. पप्पा भिंतीवरचं वेळापत्रक बघत उभे राहिले, पण त्यांना चष्म्याशिवाय ते वाचता येत नाही.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मी जातो, साहेब." अमरेश होता. दारामागून सगळं ऐकत होता. म्हणाला, "ठराव खरा असंल तर जातो. कागदाची एक प्रत मला बी द्या, खिशात ठिवतो." दगडोबामामाही यायला तयार झाले, पथ्याची भाकरी मिळेल या अटीवर.

गाडी सोमवारपासून सुरू झाली. पप्पांनी माझ्या मोबाईलचा विषय अजून काढलेला नाही, पण काल स्वतःहून विचारलं, "फार्मसीला किती वर्षं लागतेत?" आईने सांगितलं असणार.

अज्जा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही उपाशीपोटी इतके सोमवार त्या बाकड्यावर बसलात आणि मी इथं तुमच्या ओळखीवर मिरवत होते. आता त्या बाकड्यावर बसायचं नाही. येत्या सोमवारी डेपोत या आणि सरळ संध्याकाळच्या मुक्कामी गाडीत बसा. पाळी गुणाबाईंची आहे. एक भाजी, भाकरी, वरण.

आणि खोटं काहीच बोलला नव्हतात तुम्ही. साहेब म्हणाले, विभागात त्यांना आता कोण ओळखत नाही?

तुमची
अक्षरा


देवणी
४ ऑक्टोबर

चि. अक्षरास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या गावचा मुक्काम मला मानवला. गुणाबाई सगळं जेवण होईस्तोवर पावसाचंच बोलल्या. पाऊस गेल्या आठवड्यात थांबला होता, तरी बोलल्या. दोनदा त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि त्यांनी अमरेशकडे बघून ते गिळलं. फार मोठी बाई आहे.

ते बाकड्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. बसायला मला आवडतं. आयुष्यभर गाडीत उभा राहिलोय.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. सकाळी तुम्ही पोरी गाडीत चढलात, तुझे वडील पारापाशी उभे होते, आणि अमरेशने घंटीची दोरी माझ्या हातात दिली. तुला वाटलं असेल, पोराने म्हाताऱ्याचा मान राखला. तसं नाही. मीच मागितली. आदल्या रात्री भाकरी खाताना हळूच म्हटलं, "बाबा, उद्या गाडी सोडायची डबल घंटी मला देऊ दे." तो म्हणाला, "अज्जा, देतो की, पण लग्नाचं विचारू नका." तर मी दोरी ओढली, टण टण, आणि दगडोबाने गाडी सोडली. नोकरीत अशा किती डबल दिल्या त्याचा हिशोब कोण ठेवतो? त्या सगळ्या लोकांच्या गाड्यांना दिल्या. ही एक आपल्या गाडीला.

रसायनशास्त्र कर. कॉलेजात जी मुलगी मागं राहील, तिला म्हणायचं, पुढं सरका.

तुझा
अज्जा

अक्षरा, मी अज्जी. बैलांवरून मी या माणसाशी इतके सोमवार भांडले आणि तो मला एक शब्द न बोलता उपाशी जाऊन बसत होता. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, नुसता शिरा करून पुढं ठेवला. तुमच्याकडून आल्यापासून ते घरीच असतात आणि माझ्या मशीनपाशी बसून मला शिलाई शिकवतात. फार त्रास आहे. पुढच्या सोमवारी मीही त्यांना घेऊन तुमच्याकडे येते. मला अजून पंचाहत्तर लागायची आहेत, अर्धं तिकीट पडेल, ते त्यांच्याकडून घेतलं आहे. गुणाबाईला सांग, ठराव काहीही असो, मला माझ्या लग्नाबद्दल खुशाल विचार. सांगण्यासारखं पुष्कळ आहे.
उमादेवी